तीन वर्षांत दोन पदव्या, की पाच वर्षांची परवानगी?

पत्र थोडक्यात: पूर्व नागपुरातल्या एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. यंदा गणित घेऊन बारावी कॉमर्स झाली, गुण चांगले आहेत. बाबा एका पतसंस्थेत हिशेब सांभाळतात, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ दहावीत आहे. तिला बँकिंग-फायनान्स आणि कॉम्प्युटर, दोन्हींत पदवी हवी आहे. सकाळी कॉलेजात बीकॉम आणि जोडीला बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, असा विचार. एका खासगी संस्थेने दोन्ही डिग्र्यांचं एकत्र पॅकेज सांगितलं आहे, तीन वर्षांत दोन्ही हातात, ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’. पुण्याचे मामा म्हणतात, दोन डिग्र्या म्हणजे दोन दारं उघडी. बाबांचं म्हणणं, ‘एक कर, पण धड कर.’ मागच्या वर्षी बाबांच्या संस्थेचा ताळेबंद अकरा रुपयांनी जुळत नव्हता, तेव्हा तिने एक्सेलमध्ये बसून व्याज पूर्ण रुपयांत करताना झालेली गफलत शोधली, हेही तिने लिहिलं आहे. चुलत बहिणीचं लग्न बीकॉमचा निकाल लागायच्या आत ठरलं, आणि आजी अधूनमधून भावाच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे राखून ठेवायचं बोलते. पत्राच्या शेवटी ती म्हणते, ‘ताई, ग्रॅज्युएशननंतर घरचे पुढे शिकू देतील असं वाटत नाही. म्हणून जे करायचं ते या तीन वर्षांतच उरकायचं आहे. माझं चुकतंय का?’

प्रिय बेटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते डिग्र्यांबद्दलचं वाटलं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की तुझी खरी अडचण शेवटच्या दोन ओळींत आहे. बीकॉम की बीसीए हा प्रश्न तुला पडलेलाच नाही, तुला दोन्ही आवडतं. तुला भीती आहे ती वेळ संपण्याची. पाच वर्षांत आरामात होईल असं शिक्षण तू तीन वर्षांत कोंबायला निघाली आहेस, कारण चौथं वर्ष तुला मिळेल यावर तुझा विश्वास नाही.

पण हे तुला कोणी सांगितलं का? पत्रात बाबांचं म्हणून एकच वाक्य आहे, ‘एक कर, पण धड कर.’ यात ‘तीन वर्षांनी थांब’ असं कुठे आहे? चुलत बहिणीचं लग्न आणि आजीचं बोलणं, या दोन गोष्टींवरून तू निष्कर्ष काढलास. तो खरा निघेल, असंही होऊ शकतं. आपल्याकडे मुलीच्या पदवीनंतर घरातली हवा कशी बदलते हे मला माहीत आहे, आणि तुझी भीती उगाच आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टीवर तुझा सगळा बेत उभा आहे, ती तू अजून विचारलेलीच नाहीस. बाबांना वाटतंय की पोरगी दोन डिग्र्यांच्या हव्यासापायी दमणार आहे. तुला वाटतंय की बाबा अडवतायत. दोघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय.

ते विचारायचं कसं, यावर पुढे येतेच. त्याआधी अभ्यासक्रमांचं बोलू, कारण घरात बोलायला बसशील तेव्हा हातात पक्की माहिती हवी.

तू गृहीत धरलं आहेस की कॉम्प्युटरमध्ये जायचं तर बीसीए लागतेच. असं नाही. एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेशासाठी बीसीए किंवा कॉम्प्युटरची पदवी चालते, तशीच बीए, बीकॉम, बीएस्सी यांपैकी कुठलीही पदवीही चालते, बारावीला किंवा पदवीला गणित असलं की सोपं जातं. मग सुरुवातीला ब्रिज कोर्स, म्हणजे राहिलेली पायाभूत तयारी, करावा लागतो. तुझं बारावीला गणित आहे, म्हणजे बीकॉमवरूनही हे दार तुला उघडं आहे. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली आहे आणि महाराष्ट्रात तिची वेगळी सीईटी असते. तीन अधिक दोन, पाच वर्षं. कॉमर्समध्ये पदवी आणि कॉम्प्युटरमध्ये पदव्युत्तर, एकामागून एक, डोकं ताळ्यावर ठेवून.

आता ज्या नोकरीत हे दोन्ही विषय खरोखर एकत्र येतात, ती बघ. सरकारी बँकांत आयबीपीएस या भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत स्पेशालिस्ट ऑफिसर भरतात, त्यात आयटी ऑफिसरचं पद असतं. त्याला इंजिनिअरिंगची कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्समधली पदवी लागते, किंवा कॉम्प्युटर अॅप्लिकेशनसारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीच्या जोडीला डोएक या सरकारी कॉम्प्युटर-शिक्षण संस्थेची ‘बी’ लेव्हल परीक्षा. नुसती बीसीए तिथे पुरत नाही. बीकॉम आणि बीसीए, दोन्ही हातात असल्या तरी पुरत नाहीत. एमसीए पुरते. उलट प्रोबेशनरी ऑफिसर आणि क्लार्क या पदांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, तिथे दुसऱ्या पदवीने काहीच वाढत नाही. म्हणजे बँकेचा विचार केला तर तू जी दोन पदव्यांची जोडी मागते आहेस, ती एका पदाला कमी पडते आणि दुसऱ्याला जास्त होते.

मामांचं ‘दोन दारं’ हे म्हणणं सगळंच चूक आहे असं नाही. आयटी कंपन्यांकडे बघ. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात टीसीएस, एचसीएल, हेक्सावेअर आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आणि ग्लोबललॉजिक आहेत. अशा क्षेत्रात फ्रेशर घेताना कित्येकदा पहिली चाळणी पदवीच्या नावावरच लागते. बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर आत, बीकॉम बाहेर, किंवा बीकॉमवाल्यांना वेगळ्या कामासाठी वेगळ्या रांगेत. तुला तीन वर्षांनी लगेच सॉफ्टवेअरमध्येच नोकरी धरायची असेल, तर बीसीएला खरी किंमत आहे, आणि ती मी कमी लेखणार नाही. पण मग प्रश्न असा येतो की बीसीए हीच मुख्य पदवी का नको?

दारांबद्दल आणखी एक. दार नुसत्या पदवीने उघडत नाही, कित्येकदा टक्केवारीने उघडतं. आपल्या संविधान चौकातली रिझर्व्ह बँकेची इमारत तू रोज बघत असशील. तिथे ग्रेड बी अधिकारी व्हायचं तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवार सोडून बाकीच्यांना पदवीला किमान ६० टक्के लागतात, किंवा पदव्युत्तरला ५५. दोन्हीकडे धावून दोन्हीकडे ५३ टक्के पडले, तर दोन पदव्या असूनही ते दार बंद. बाबांच्या ‘धड कर’ या शब्दांत हा हिशेब आहे. त्यांना नियम माहीत नसेल, पण खतावणी सांभाळणाऱ्या माणसाला अर्धवट कामाची किंमत कळते.

आता दोन पदव्या एकाच वेळी घेण्याबद्दलचा नियम. विद्यापीठांची नियामक संस्था यूजीसीने १३ एप्रिल २०२२ रोजी याला परवानगी दिली. दोन्ही पदव्या कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन करता येतात, पण दोन्हीकडच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइनही चालतात. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठाचाच हवा. पीएचडीला हे लागू नाही. थोडक्यात, तुझी कल्पना कायद्यात बसते. कोणी ‘दोन डिग्र्या बेकायदा आहेत’ असं सांगत असेल तर ते जुनं झालं.

पण ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ हे वाक्य मला अस्वस्थ करून गेलं. नियमाचा गाभाच हा आहे की वेळा एकमेकींवर येऊ नयेत. त्या येत असतील आणि कोणी कागदावर हजेरी लावून देणार असेल, तर उद्या कागदपत्रांच्या तपासणीत अडकशील ती तू. त्या संस्थेला साध्या गोष्टी विचार आणि उत्तरं लेखी माग. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, गुणपत्रिकेवर नाव कोणाचं असणार, कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि पहिल्या वर्षी एक कोर्स सोडला तर किती पैसे परत मिळणार. २०२४-२५ पासून बीसीए आणि बीबीए तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या कक्षेत आल्या आहेत आणि आपल्या राज्यात त्यांची सीईटीही सुरू झाली आहे, तेव्हा त्या संस्थेच्या बीसीएला एआयसीटीईची मान्यता आहे का, हेही विचार. तू ती सीईटी दिलीस का हे पत्रात नाही. दुसरी पदवी दूरस्थ असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोघांचंही नाव शोध. विद्यापीठ यादीत असतं आणि नेमका तो अभ्यासक्रम नसतो, असं होऊ शकतं. अशा प्रवेशासाठी त्याच विभागाचा डेब आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. ‘आयडी आम्ही काढून देऊ, ओटीपी सांगा’ म्हटलं की तिथून उठून यायचं.

आता तासांचं गणित मांडू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका वर्षाला ४० क्रेडिट आणि त्यासाठी १,२०० तासांचा अभ्यास धरला आहे. त्यात वर्ग, प्रात्यक्षिकं, घरचा अभ्यास, सगळं आलं. दोन पदव्यांचे २,४०० झाले. वर्षातून दिवाळी, परीक्षांचे दिवस, घरातली लग्नकार्यं, आणि आपला मे महिना वगळला, की हाती जेमतेम ४० आठवडे राहतात. म्हणजे आठवड्याला ६० तास, रविवार सोडून रोज दहा. शिवाय येण्याजाण्याचा वेळ, आईला फॉल-बिडिंगला करतेस ती मदत, भावाचं दहावीचं वर्ष. होणारच नाही असं मी म्हणत नाही. काही मुलं करतात. पण या हिशेबात आजारपणाला जागा नाही, मैत्रिणींना जागा नाही, आणि बँकेच्या परीक्षेची तयारी तर कुठेच बसत नाही.

परीक्षांच्या तारखांचा घोळ वेगळाच. समज, बीसीए तू इग्नू या मुक्त विद्यापीठातून दूरस्थ केलीस. अमरावती रोडला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, फी परवडते, पदवीला मान्यता आहे. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा साधारण त्याच सुमाराला चालतात, आणि उन्हाळी लांबल्या तर त्याही जूनच्या तोंडाशी येतात. एकाच सकाळी दोन पेपर आले, तर कुठलंही विद्यापीठ तुझ्यासाठी तारीख बदलत नाही. इग्नूत एक मोठी सोय मात्र आहे. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी करण्याची मुभा असते. एक पेपर सोडून पुढच्या सत्रात दिला तरी वर्ष वाया जात नाही. ही सोय लक्षात ठेव, शेवटी कामाला येणार आहे.

हे सगळं बाजूला ठेवून मला त्या अकरा रुपयांबद्दल बोलायचं आहे. पत्रात तू ते दोन ओळींत उरकलंस, पण मला तिथेच तू दिसलीस. दोन विषयांचा जोड जिथे असतो, तिथे तू आधीच जाऊन आली आहेस, तेही एकही पदवी नसताना.

हेच थोडं पुढे ने. पाच लाखांचं कर्ज, दरसाल दहा टक्के, साठ हप्ते. सरळ दराने, म्हणजे पाचही वर्षं पूर्ण पाच लाखांवर, व्याज लावलं तर हप्ता १२,५०० रुपये येतो. घटत्या शिलकीवर लावलं तर १०,६२३ रुपये ५२ पैसे. दर तोच, कर्ज तेच, आणि महिन्याला सुमारे १,८७६ रुपयांचा फरक. हा फरक का पडतो हे कॉमर्स शिकवतं. आता संस्था सोयीसाठी हप्ता १०,६२४ ठेवते. दर महिन्याला अर्ध्या रुपयाहून कमी जादा जातो, आणि शेवटचा हप्ता सुमारे ३७ रुपयांनी कमी निघायला हवा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो साठही हप्ते सारखेच घेतो, आणि हजार कर्जदारांमागे किती रक्कम कुठल्याच खात्यात न बसता लोंबकळत राहील ते तूच काढून बघ. आणखी मजा बघायची असेल तर पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कर. नेमकी ०.३ येत नाही, शेपटाशी एक ४ चिकटून येतो, कारण कॉम्प्युटर दशांश संख्या त्याच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो, आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. म्हणून जाणकार माणूस रकमेचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत किंवा त्यासाठी असलेल्या डेसिमल प्रकारात ठेवतो. कॉमर्सच्या वर्गात हे सांगत नाहीत. कॉम्प्युटरच्या वर्गात सांगितलं तरी ताळेबंदाशी त्याचा काय संबंध ते सांगत नाहीत.

बँकेचं सगळं कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र चालवणारी यंत्रणा, याच जोडावर उभं आहे. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत यंत्रणा बंद पडली, तर काय करायचं? डेटाबेसमध्ये याचं उत्तर असं, की व्यवहार पूर्ण तरी होतो किंवा झालाच नाही असं मानून सगळं पूर्वस्थितीला येतं. तुझ्या बाबांच्या दुहेरी नोंदीतही हेच आहे, नावे आणि जमा दोन्ही बाजू पडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. मोठ्या रकमा लगेच पाठवणारं आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास झालं. पूर्वी रात्री व्यवहार थांबवून दिवसाचा मेळ घालायला जी सवड मिळायची, ती राहिली नाही. व्यवहार चालू असतानाच मेळ घालायचा, न जुळलेला व्यवहार शोधायचा, ग्राहकाचे अडकलेले पैसे परत करायचे. अकरा रुपयांसाठी रात्रभर बसणारी माणसं या कामाला हवी आहेत. दोन पदव्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून हा जोड आपोआप येत नाही. दोन वेगळ्या अभ्यासक्रमांत तो बहुधा कोणी शिकवत नाही, तो आपला आपल्यालाच घालावा लागतो. आणि त्यासाठी मोकळा वेळ लागतो, जो तुझ्या सध्याच्या बेतात उरत नाही.

म्हणून माझा कौल सांगते. एक पदवी कणा म्हणून धर आणि दुसरी बाजू अशा रूपात घे की मध्येच सोडावी लागली तरी हाती काही राहील.

आपल्या विद्यापीठात यासाठी एक जुनी वाट आहेच, बीसीसीए, म्हणजे कॉम्प्युटर अॅप्लिकेशनसह बीकॉम. कित्येक नागपूरकर पोट्टे-पोट्टी त्यातून बँकांत आणि आयटीत गेले. मामांना पुण्यात तिचं नाव ओळखीचं नसेल, त्यामुळे ती तुझ्यापर्यंत आलीच नसावी. तुझ्यासाठी मला हीच सर्वांत बरी वाटते. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर मायनर विषय आला आहे. बीसीसीए नसेल आणि साधी बीकॉम घेणार असशील, तर मायनर म्हणून कॉम्प्युटरचा किंवा डेटाचा विषय त्या कॉलेजात मिळतो का ते प्रवेशाआधी विचार. एक खबरदारी घे. काही ठिकाणी अर्जाच्या रकान्यात फक्त ‘बीसीए किंवा बीएस्सी’ असतं आणि बीसीसीए त्यात धरत नाहीत. ज्या कॉलेजात जाणार, तिथल्या प्लेसमेंट विभागाला विचार की मागच्या दोन-तीन बॅचच्या बीसीसीएच्या मुलांना कोणत्या कंपन्यांनी मुलाखतीला बसू दिलं. नाव-गावासकट उत्तर देणारं कॉलेज चांगलं समजायचं.

याच्या जोडीला हवंच असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस बघ. त्याला जेईई लागत नाही. दहावीला गणित-इंग्रजी आणि बारावी पास एवढं पुरतं. चार आठवड्यांचा पात्रता टप्पा पार केला की प्रवेश. त्यात फाउंडेशन, डिप्लोमा, बीएस्सी आणि बीएस असे टप्पे आहेत आणि कुठल्याही टप्प्याला थांबलं तरी तेवढ्याचं प्रमाणपत्र मिळतं. कौटुंबिक उत्पन्नानुसार फीत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. गणित आणि संख्याशास्त्र दमवणारं आहे, हे आधीच सांगते. पण तुझ्या हाताला ते मानवेल असं वाटतं. एका सत्रात किती विषय घ्यायचे हे आपल्या हातात असतं, म्हणून तुझ्यासारखीला ते सोयीचं.

पहिलं सत्र मात्र एकच पदवी. नवं कॉलेज, नवी परीक्षापद्धत, स्वतःचा वेग, हे कळू दे. हिवाळी परीक्षेचा निकाल समोर ठेवून दुसऱ्याचं ठरव. त्या काळात बाबांकडून कर्जखात्याच्या तक्त्याचा नमुना घे, त्यात मनाने रचलेली नावं आणि आकडे भर, आणि हप्त्यांचं वेळापत्रक, थकबाकी, नव्वद दिवसांहून जास्त थकलेलं खातं, हे सगळं काढणारा छोटा प्रोग्रॅम लिही. सभासदांची खरी माहिती घरच्या लॅपटॉपवर आणायची नाही. बाबांच्या नोकरीला धोका होईल आणि ते योग्यही नाही. हा प्रोग्रॅम उद्या मुलाखतीत तुझ्या दुसऱ्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल.

पैशाबद्दल. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा समाजासाठीचा एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला हे मिळत नाही. तुझ्या घरच्या परिस्थितीत हा मोठा मुद्दा आहे. एमसीएची वेळ येईल तेव्हा तर नक्कीच. कोणत्या कोर्सला लागू आहे हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारून घे. म्हणजे ‘भावाच्या इंजिनिअरिंगचे पैसे’ आणि ‘तुझं पुढचं शिक्षण’ ही दोन्ही एकाच पिशवीतून जायची गरज नाही, हे आजीलाही सांगता येईल.

ज्या मुलामुलींनी बारावीला गणित सोडलं आहे, त्यांनी माझा एमसीएचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. त्यांनी गणिताची अट आधी तपासावी, नाहीतर बीसीएच बरी. चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून येऊन इथे खोली करून राहणाऱ्यांनी दोन प्रत्यक्ष पदव्यांच्या भानगडीत पडू नये, मेस आणि कपडे धुण्यातच दिवसाचे दोन तास जातात. सीए करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांनी तिसरं काही अंगावर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बाबांशी बोलण्याचं. ‘मला दोन डिग्र्या करू द्या’ असं म्हणत जाऊ नकोस, ते ‘एक कर’ म्हणतील आणि बोलणं तिथेच संपेल. रविवारी सकाळी, आजी देवळात गेलेली असताना, आई समोर असताना बस. कागदावर दोन रस्ते लिहून ने. पहिला, बीसीसीए आणि मग एमसीए, पाच वर्षं. दुसरा, बीकॉम आणि दूरस्थ बीसीए, एकत्र. खाली रोजचे तास लिही. मग सरळ विचार, ‘बाबा, मला एकच धड करायची आहे, तुम्ही म्हणता तसंच. पण त्यासाठी मला पाच वर्षं लागतील. ती मला द्याल का?’ आईलाही विचार. पाच वर्षांचा शब्द देताना काही अटी येतील. टक्के राखायचे, मधल्या काळात एखादी बँकेची परीक्षा द्यायची, असं काही. त्या मान्य करायला हरकत नाही. ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते नकार समजून परत येऊ नकोस. ‘एमसीएची सीईटी देईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, एवढं तरी नक्की का?’ इतकं नेमकं विचार. लोकांना पाच वर्षांचं वचन देणं जड जातं, एका परीक्षेपर्यंतचं देता येतं. मामांना आधी फोन करून हा बेत समजावून ठेव, त्यांचा शब्द घरात चालतो असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

आणि समजा, उत्तर खरंच ‘तीनच वर्षं’ असं आलं, तर माझा सल्ला बदलतो. तेव्हा दोन पदव्या धरणं हा हट्ट ठरत नाही, हाती असलेल्या वेळेचा तो बरा उपयोग आहे. अशा वेळी पॅकेज नको. कॉलेजात नियमित बीसीसीए किंवा बीकॉम कर, आणि इग्नूची बीसीए जुलैच्या सत्रात न घेता जानेवारीच्या सत्रात घे, पहिली हिवाळी परीक्षा उरकल्यावर. पहिल्या जूनला जेवढे पेपर झेपतील तेवढेच दे, उरलेले डिसेंबरला. सहा वर्षांची मुदत तुझ्याजवळ आहे. लग्न झालं, गाव बदललं, तरी इग्नूत अभ्यासकेंद्र आणि प्रादेशिक केंद्र बदलून मिळतं, त्याचा अर्ज कसा करायचा तेही अमरावती रोडच्या केंद्रात जाशील तेव्हा विचारून ठेव. बीसीएला प्रात्यक्षिकांची हजेरी सक्तीची असते, म्हणून जवळच्या अभ्यासकेंद्रात ती कोणत्या वारी, किती वाजता होतात, हे फी भरायच्या आधी पाहून घे. प्रवेशाच्या तारखा जवळ आल्या आहेत, तेव्हा बाबांशी बोलणं या रविवारीच होऊ दे.